बराकीत कपड्यातल्या उवा: डोकी भादरून साथ का थांबत नाही आणि काय केलं की थांबते

पहिल्या दिवशी सगळ्यांची डोकी भादरली. दुसऱ्या दिवशी भिंतींवर फवारणी झाली. बाराव्या दिवशी बराकीत पुन्हा खाजवाखाजवी सुरू. तिथला हवालदार वैतागून मला म्हणाला, "सायेब, समद्यांची टकली केली की! आता टकलावर कुठं राहत्यात उवा?" मी एका बंद्याचा धुवायला टाकलेला लेंगा उलटा केला आणि नेफा उजेडात धरला. नाडीच्या घडीत रव्याच्या कणांसारख्या लिखा ओळीने चिकटलेल्या होत्या.

कोल्हापूर भागात आरोग्य सहायक म्हणून नोकरी करताना जेलची बराक, वसतिगृह, ऊसतोडीच्या खोपी आणि पुराच्या वेळी शाळेत उघडलेलं निवारा केंद्र अशा सगळीकडे मी ही एकच चूक पाहिली आहे. ऊ डोक्यावर शोधतात आणि ती राहते शिवणीत. पुढच्या पायऱ्या बराकीसाठी लिहिल्या आहेत. जेलचे वैद्यकीय कर्मचारी, तुरुंगाधिकारी आणि मदतीला जाणारे स्वयंसेवक यांनी त्या याच क्रमाने कराव्यात. क्रम चुकला तर सगळी मेहनत फुकट जाते.

१. ऊ कुठली, ते आधी ठरवा

डोक्यातली ऊ त्रास देते, पण साथीचे ताप पसरवण्यात तिचं नाव नाही. टायफस, उलटणारा ताप आणि ट्रेंच फीव्हर हे तिन्ही पसरवते ती कपड्यातली ऊ. दिसायला दोघी सारख्याच, तिळाएवढ्या, दोन ते चार मिलिमीटरच्या. फरक मुक्कामाचा. कपड्यातली ऊ शिवणीत राहते, तिथेच अंडी घालते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते.

म्हणून माणसाला तपासायच्या आधी त्याचा कपडा तपासा. कपडा उलटा करा, बॅटरीचा उजेड तिरका पाडा आणि या जागा बघा: बंडीची काख, कॉलरची आतली घडी, लेंग्याचा नेफा, चड्डीचं इलॅस्टिक. एका माणसाच्या कपड्यांना पाच मिनिटं द्या, घाई नको.

आपल्याकडे हमखास राहून जाणारी जागा म्हणजे करदोडा. जुना, घामाने तेलकट झालेला करदोडा, गळ्यातला गंडा, दंडातला ताईत, जानवं. दोऱ्याच्या पिळात लिखा बसतात आणि अंघोळ घातली तरी दोरा अंगावरच राहतो.

*तपासा:* खाज बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर असेल तर बहुधा खरूज आहे, तिचे उपचार वेगळे. चावे उघड्या हातापायांवर आणि भिंतीच्या फटींत काळे ठिपके, तर ढेकूण. कंबर, काख, पाठ अशा शिवण घासणाऱ्या जागी ओरखडे आणि शिवणीत लिखा दिसल्या, तर ही आपली ऊ. एकाच बराकीत तिन्ही असू शकतात. एक सापडलं म्हणून शोध थांबवू नका.

२. त्याच दिवशी तापाची यादी करा

उवा सापडल्या म्हणजे साथ आली असं नाही. पण उवा आणि ताप एकाच बराकीत असतील तर तो दिवस वाया घालवू नका. गेल्या तीन आठवड्यांत कोणाला ताप येऊन गेला, कोणाला आत्ता आहे आणि कोण दवाखान्यात गेला, हे प्रत्येकाला विचारा. हजेरीच्या वहीवर विसंबू नका. बरेच जण ताप सांगत नाहीत.

काय शोधायचं ते थोडक्यात. टायफसमध्ये उवा चावल्यापासून साधारण आठ ते सोळा दिवसांत एकदम जोराचा ताप आणि असह्य डोकेदुखी सुरू होते. पाचव्या दिवसाच्या सुमारास छाती-पोटावरून पुरळ सुरू होऊन हातापायांकडे पसरतं. चेहरा, तळहात, तळपाय बहुधा सुटतात. माणूस बरळतो. पुस्तकी मराठीत याला प्रलापक सन्निपात ज्वर म्हणतात ते याच बरळण्यावरून. उलटणारा ताप पाचेक दिवस राहतो, घाम येऊन उतरतो, आठवडाभर माणूस बरा दिसतो आणि ताप परत येतो. त्यात कावीळ किंवा नाकातून रक्त दिसलं तर प्रकरण गंभीर समजा. ट्रेंच फीव्हरमध्ये तापासोबत नडग्या ठणकतात.

टायफस आणि उलटणारा ताप या दोन्हींत उपचार मिळाले नाहीत तर शंभरातले दहा ते चाळीस जण दगावू शकतात. वेळेवर साधं प्रतिजैविक मिळालं तर बहुतेक वाचतात.

इथे तीन गोंधळ नेहमी होतात. पहिला, टायफस आणि टायफॉइड. नावं सारखी असली तरी रोग वेगळे, आणि टायफॉइडसाठी करतात त्या विडाल चाचणीवर टायफस ठरत नाही. दुसरा, स्क्रब टायफस. पावसाळ्यात आपल्या भागात पुरळ-तापाचा रुग्ण आला तर डेंगी, लेप्टो किंवा स्क्रब टायफसची शक्यता उवांच्या टायफसपेक्षा कितीतरी जास्त. स्क्रब टायफस उवांचा नाही, गवतातल्या चिगर माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लांचा. वेल-फेलिक्स या रक्तचाचणीत स्क्रबला ओएक्स-के चा आकडा वर जातो, उवांच्या टायफसला ओएक्स-१९ चा. तिसरा गोंधळ लॅबमध्ये होतो. उलटणाऱ्या तापाचे जंतू (नागमोडी आकाराचे, त्यांना स्पायरोकीट म्हणतात) ताप चढलेला असताना घेतलेल्या रक्ताच्या काचेवर दिसतात, मलेरियासाठी करतो त्याच काचेवर. पण शोधणाऱ्याला सांगितलं नसेल तर तो मलेरिया नाही एवढं लिहून काच बाजूला ठेवतो. चिठ्ठीवर ठळक लिहा: "अंगावर उवा आहेत, स्पायरोकीट बघा."

संशयित रुग्ण सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, पाठवा आणि जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. निदान पक्कं व्हायची वाट बघू नका.

> सावधान: उलटणाऱ्या तापात औषधाचा पहिला डोस गेल्यावर काही तासांत हुडहुडी भरते, ताप भडकतो आणि रक्तदाब घसरतो. संध्याकाळी डोस देऊन माणसाला बराकीत कोंडलं तर रात्री बघायला कोणी नसतं. पहिला डोस दवाखान्यात, नजरेखाली.

३. ऊ मारायची कशी नाही

हा भाग छोटा आहे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

नखावर ऊ चिरडायची आपली जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. उलटणाऱ्या तापाचे जंतू उवेच्या अंगातल्या द्रवात असतात. ती चिरडली की ते बोटावरच्या ओरखड्यातून आत जातात. टायफसचे जंतू उवेच्या विष्ठेत असतात. खाजवलं की ते चोळले जातात. वाळलेल्या विष्ठेत ते महिनोन्महिने टिकतात आणि कपडा झटकला की धुळीसोबत नाकात जातात.

म्हणून चिरडणं नाही, झटकणं नाही, कोरडा झाडू नाही. कपडे हाताळणाऱ्याला हातमोजे, एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या आणि गमबुटात खोचलेली पँट हवीच. मदतीला बंदी घेतले असतील तर त्यांनाही हेच सगळं द्या. हातमोजे साहेबाला आणि गाठोडी उघड्या हाताने उचलणारा बंदी, हे दृश्य मी पाहिलं आहे.

४. कागदावर बराक मांडा

मोहिमेच्या दोन दिवस आधी एका कागदावर बराकीचा नकाशा काढा आणि रात्री कोण कोणाच्या शेजारी झोपतो ते लिहा. मोजणीच्या यादीवरून हे कळत नाही, विचारावं लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दोन पांघरुणं एकत्र करून तिघं झोपतात आणि ऊ तिघांचीही होते. गर्दी कमी करणं आपल्या हातात नसतं, पण ताप असलेल्याच्या दोन्ही बाजूंचे कोण, हे माहीत असणं आपल्या हातात आहे.

नकाशावर आणखी तीन गोष्टी नोंदवा.

दिवसा वळकट्या कुठे रचतात? एकावर एक रचलेली वळकट्यांची थप्पी म्हणजे उवांना ये-जा करायला जिना.

कपडे कोणाचे? शिक्षा झालेल्यांना जेलचे कपडे असतात, ते गठ्ठ्याने बदलता येतात. न्यायाधीन बंदी घरचे कपडे घालतात. ते प्रत्येकाच्या नावाने, खुणेने हाताळावे लागतात. हा हिशेब आधी केला नाही तर ऐन दिवशी कपड्यांवरून भांडणं होतात.

आणि बराकीबाहेर कोण जातं? स्वयंपाकघर, शिवणकाम, दवाखाना, कसबा बावड्याला कोर्टाची तारीख. मोहिमेच्या दिवशी एक जरी माणूस बाहेर राहिला आणि रात्री जुन्या कपड्यांत परत आला, तर तोच पुढच्या उवांचं बियाणं. तारखा बघूनच दिवस ठरवा.

*तपासा:* नकाशावरची माणसं, मोजणीची माणसं आणि जमा होणाऱ्या वळकट्या, तिन्ही आकडे जुळले का?

५. सामान, एका बराकीचा हिशेब

समजा साठ माणसं आहेत.

- बदलीचे स्वच्छ कपडे साठ जोड आणि दहा जादा. हे नसतील तर मोहीम पुढे ढकला (साथच आलेली असेल तर पायरी ८ बघा).
- जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. माणशी दोन: एक कपड्यांची, एक पांघरुणाची. न पुसली जाणारी खूण घाला.
- पाणी तापवायला मोठं भांडं. गुऱ्हाळातली जुनी काहील मिळाली तर उत्तम, साठ जणांचे कपडे चार-पाच खेपांत निघतात. स्वयंपाकाची भांडी घेऊ नका.
- थर्मामीटर. दूध डेअरीत वापरतात तो चालतो.
- ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी. माणशी ३० ते ५० ग्रॅम, म्हणजे साठ जणांना तीन किलो आणि अंथरुणांसाठी वेगळी. ती आरोग्य विभागामार्फत, वेळेआधी मागवा.
- साबण, नवे काळे करदोडे, कात्री.

औषधाच्या दुकानात परमेथ्रिन मागितलं की ५ टक्क्यांची क्रीम किंवा १ टक्क्याचं लोशन हातात पडतं. क्रीम खरजेसाठी, लोशन डोक्यातल्या उवांसाठी. शिवणीतल्या उवांना दोन्हींचा उपयोग नाही.

> सावधान: उसाला किंवा भाजीपाल्याला मारायची पावडर माणसाच्या अंगावर कधीही टाकू नका. रॉकेलही नाही. "थोडीशी चालते" असं सांगणारे गावोगाव भेटतात.

६. मोहिमेचा दिवस: वाट एकच, दिशा एकच

एका बराकीची सगळी माणसं, सगळे कपडे आणि सगळी अंथरुणं एकाच दिवसात झाली पाहिजेत. अर्धी आज, अर्धी उद्या केली की रात्री दोन्ही अर्धी शेजारी झोपतात.

जमिनीवर चुन्याची रेघ मारा. रेघेच्या अलीकडे मळकं, पलीकडे स्वच्छ. माणूस रेघ एकदाच ओलांडतो, परत येत नाही.

आधी सांगा काय होणार आहे, आणि खिसे-शिवणी रिकाम्या करायला वेळ द्या. जेलमध्ये शिवण ही तिजोरी असते. दुमडलेली नोट, लेकराचा फोटो, तंबाखूची पुडी. मोहिमेला झडतीचं रूप आलं की लोक कपडे लपवतात आणि लपवलेला एक कपडा सगळं वाया घालवतो. आजचा दिवस झडतीचा नाही, हे वरिष्ठांकडून आधी कबूल करून घ्या आणि तसं जाहीर सांगा.

मग माणूस आडोशाला जातो, सगळे कपडे स्वतःच पिशवीत टाकतो आणि पिशवीचं तोंड जागच्या जागी बांधतो. करदोडा, गंडा कापायचा असेल तर विचारून कापा आणि लगेच नवा द्या. एका म्हाताऱ्या बंद्याने लेंगा निमूट दिला, पण करदोड्याला हात लावू देईना. "बिनकरदोड्याचा मी न्हाई ऱ्हाणार," म्हणाला. नवा करदोडा त्याच्या हातावर ठेवला, तेव्हा जुना त्याने स्वतःच कापला. त्या दिवसापासून करदोडे माझ्या सामानाच्या यादीत आले.

मग साबणाने अंघोळ. रेघेपलीकडे स्वच्छ कपडे.

डोकी भादरायची गरज नाही. डोक्यात वेगळ्या उवा असतील तर त्यांचा उपचार वेगळा. सक्तीने केस कापले की पुढच्या वेळी कोणी खाज सुटली म्हणून सांगायला येत नाही. महिला बराकीत सगळं काम महिला कर्मचाऱ्यांनीच करायचं.

ड्युटीवरचे शिपाई? त्यांचीही तपासणी करा. एका ठिकाणी आम्ही साठच्या साठ माणसं नीट केली, पण रात्रपाळीच्या खोलीतलं एक घोंगडं राहिलं. थंडीत ते एका आजारी बंद्याला माणुसकीने दिलं होतं आणि सकाळी परत घडी करून ठेवलं होतं. दहाव्या दिवशी पहिली ऊ त्या शिपायाच्याच बंडीत सापडली. चूक माझी, यादीत ती खोली मी धरलीच नव्हती.

७. पिशवीतल्या कपड्यांचं काय करायचं

सुती कपडे आणि चादरी किमान ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. ऊ आणि लीख दोन्ही मरतात. कपडे टाकले की पाणी निवतं, म्हणून थर्मामीटर कपडे टाकल्यावर बघायचा, आधी नाही. पाण्यावर फुगून वर आलेला कपडा दांड्याने दाबा, वर राहिलेली शिवण कोरडीच राहते. वाळल्यावर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवली तर आणखी खात्री.

उन्हावर भिस्त ठेवू नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात ऊन असतं कुठे? कपडे चार-चार दिवस दमट राहतात आणि घाईला आलेला माणूस अर्धओला जुना कपडाच चढवतो. पावसाळ्यात मोहीम करायची तर बदलीचे जोड दुप्पट ठेवा किंवा सरळ पिशवीचा मार्ग धरा.

लोकरीची कांबळी, घोंगडी उकळता येत नाहीत, आटतात. ती पिशवीत घट्ट बांधून ठेवा. रक्त मिळालं नाही तर ऊ पाच ते सात दिवसांत मरते, पण लिखा त्यानंतरही फुटू शकतात. म्हणून पिशवी किमान १४ दिवस उघडायची नाही. थंडीच्या दिवसांत मी २१ धरतो. पिशवीवर बांधल्याची नाही, उघडायची तारीख लिहा. बांधल्याची तारीख लिहिली की कोणी तरी मोजताना चुकतं.

तापाच्या रुग्णाची वळकटी सगळ्यांत आधी पिशवीत गेली पाहिजे. अंग तापलं की उवा त्या माणसाला सोडून शेजारी सरकतात. रुग्ण दवाखान्यात गेला आणि त्याचं पांघरूण "वाया कशाला" म्हणून दुसऱ्याला दिलं, ही चूक मी तीनदा पाहिली आहे. रुग्णाच्या अंगावर मात्र उवा उरल्या नाहीत की त्याच्यापासून शेजाऱ्याला हे ताप होत नाहीत. त्याला वाळीत टाकायचं कारण नाही.

रिकामी बराक ओल्या फडक्याने पुसून घ्या, बास. भिंतींवर फवारणी करून ढेकूण मरतील, ही ऊ नाही.

८. बदलीचे कपडे नसतील तर भुकटी

अचानक साथ आली आणि कपडे नाहीत, गरम पाणी नाही, अशा वेळी अंगावरच्या कपड्यांतच भुकटी मारतात. भोकं पाडलेल्या झाकणाचा डबा किंवा हातपंप घ्या. कॉलर सैल करून मानेतून पुढे-मागे, दोन्ही बाह्यांतून काखेपर्यंत, नेफा सैल करून कमरेभोवती. भुकटी कपडा आणि अंग यांच्या मध्ये गेली पाहिजे. वरून शिंपडून फक्त शर्ट पांढरा होतो. माणसाने डोळे मिटून तोंडावर रुमाल धरायचा. ५० ग्रॅम किती होतात ते वजनकाट्यावर एकदा बघून डब्यावर खूण करा. अंथरुणाच्या घड्यांतही भुरभुरवा.

भुकटी मारलेले कपडे लगेच धुवायचे नाहीत. सगळे दुसऱ्याच दिवशी धुतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

टायफस पक्का असेल तर डॉक्सीसायक्लिनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका डोसने साथ आटोक्यात आणता येते, पण कोणाला द्यायचा हे डॉक्टर ठरवतील. औषधाने माणूस बरा होतो, शिवण नाही.

९. पुन्हा तपासणी आणि दरवाजा

लीख फुटायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि पिल्लू मोठं व्हायला नऊ ते बारा दिवस. म्हणून आठव्या ते दहाव्या दिवशी सगळ्यांचे नेफे, काखा पुन्हा बघा. एक जरी जिवंत ऊ दिसली तर भुकटी मारा, सगळ्यांना. मग विसाव्या दिवशी आणि शेवटची तपासणी महिन्याने. तापाची यादीही तोपर्यंत चालू ठेवा. आज उवा संपल्या तरी आधी लागण झालेल्याला पुढचे दोन-अडीच आठवडे ताप येऊ शकतो. तेव्हा "मोहीम फसली" म्हणून घाबरू नका, त्याला दवाखान्यात न्या.

नवीन येणारा बंदी बराकीत जाण्याआधीच त्याचे कपडे तपासा, पहिल्या रात्रीनंतर नाही. दुसऱ्या जेलमधून वर्ग झालेल्यालाही सूट नाही. सुटून जाणाऱ्याचे जमा केलेले घरचे कपडे परत देताना तेही बघून द्या. १९९५ मध्ये बुरुंडीत एन्गोझीच्या तुरुंगात टायफसची साथ आली होती. पुढच्या दोन वर्षांत त्याच देशाच्या निर्वासित छावण्यांत ती प्रचंड प्रमाणात पसरली.

वळकट्यांची थप्पी बंद करा. प्रत्येकाची वळकटी वेगळ्या खुंटीवर किंवा भिंतीलगत वितभर अंतर ठेवून. आठवड्यातून एकदा कपडे आणि चादर बदलण्याचा वार ठरवा आणि तो वार चुकला की वहीत लाल शाईने लिहा. मी तपासायला गेलो की उवा शोधायच्या आधी तीच वही मागून घेतो. सलग दोन आठवडे लाल दिसलं की पुढची मोहीम कधी करावी लागणार ते तिथेच कळतं.